उपाशी टाकीतली भाकरी

एकवीस दिवसांत मी एकवीस खोट्या सह्या केल्या. प्रत्येक सहीच्या आधी एकच शब्द लिहिला, 'उपाशी'. तो शब्द खोटा आहे हे मला एकट्याला माहीत होतं. कोणी धाक दाखवला नव्हता, मला त्यातून काही मिळणारही नव्हतं. सरांबद्दल लिहायला बसलो की हे आधी लिहावं लागतं, कारण पुढं मी त्यांच्याविषयी पुष्कळ वैतागून सांगणार आहे आणि ते वाचून कोणी माझी बाजू घेऊ नये.

वैताग मात्र खरा होता. पाटोदा तालुक्यातल्या एका कॉलेजात सर प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. सकाळी दार उघडून ते आत आले की 'नमस्कार' नाही, 'कसे आहात' नाही. पहिलं वाक्य ठरलेलं.

"काय खाल्लं? किती वाजता?"

सुरुवातीला मला वाटलं, माणूस मायाळू आहे, आपल्या जेवणाची काळजी करतो. आठवड्यात कळलं की तसं काही नाही. हा प्रश्न ते प्राचार्यांना विचारायचे, विम्याच्या एजंटाला विचारायचे, बसच्या कंडक्टरला विचारायचे आणि उत्तर खिशातल्या वहीत टिपून घ्यायचे. एका विद्यार्थ्याच्या लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरीला विचारलं. ती बिचारी लाजून म्हणाली, "उपास आहे." सरांनी मान डोलावली आणि खाली उतरून मला म्हणाले, "बघा, किती स्वच्छ उत्तर दिलं."

त्यांचं म्हणणं असं की जेवलेला प्राणी आणि न जेवलेला प्राणी ही दोन वेगळी जनावरं आहेत. कोणाशी बोलण्याआधी समोर त्यातलं कोणतं उभं आहे ते कळायला हवं. "भरल्या पोटी माणूस गोड बोलतो," ते म्हणायचे. "खरं ऐकायचं असेल तर त्याला जेवणाआधी गाठावं." म्हणून तोंडी परीक्षा ते सकाळी आठला घ्यायचे. एकदा बीडहून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना त्यांनी गुण भरून होईपर्यंत पोहे दिले नाहीत. पोहे टेबलावर झाकून ठेवलेले, वास सगळ्या खोलीत. परीक्षकांनी रागारागात निम्मी पोरं नापास केली. मी सरांना सांगितलं, तर म्हणाले, "अहो, पण खरे गुण दिले."

ते सगळ्यांना 'अहो' म्हणायचे. शिपायाला, पोरांना, मला आणि माशांनाही.

माशांचं रक्त हाच त्यांचा विषय. गोड्या पाण्यातले मासे, मुख्यतः रोहू. माशानं खाल्लं की रक्तात काय काय बदलतं, साखर किती चढते, प्रथिनं आणि चरबी किती, आणि उपाशी ठेवला की कोणत्या दिवशी काय उतरतं, एवढंच ते वर्षानुवर्षं मोजत होते. "माशाचं रक्त काढलं, साखर इतकी भरली असं कोणी लिहिलं, तर ते अर्धं वाक्य आहे," ते शिकवायचे. "जेवून किती तास झाले? पाणी किती गरम होतं? थंडीत त्याचं अन्न सावकाश पचतं, उन्हाळ्यात लवकर. हे लिहिलं नाही तर तुमचा आकडा फेकून द्या." मागच्या बाकावरची पोरं तेवढ्यात झोपलेली असायची.

रक्त काढायच्या आधी माशाला लवंगेच्या तेलाच्या पाण्यात सोडायचे. तो गुंगला की शेपटीजवळ खालून सुई घालून थोडंसं रक्त घ्यायचे. मग त्याला ताज्या पाण्यात नेऊन, हात पाण्यात घालून तो शुद्धीवर येईपर्यंत धरून उभे राहायचे. "झालं, झालं. अहो, उठा आता." बाहेर वर्गावर घंटा झालेली असायची, चाळीस पोरं गोंधळ घालत असायची आणि हे एका माशाची समजूत काढत उभे. प्रयोगशाळेला इतका लवंगेचा वास यायचा की पोरं त्यांना मागं 'लवंग' म्हणत. तो वास माझ्याही कपड्यांना लागायचा. बायको म्हणायची, "दात दुखतोय का तुमचा?"

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे तो दुष्काळाचा होता. कॉलेजच्या बोअरला पाणी नव्हतं, टँकर येईल तेव्हा येईल. त्या दिवसांत एका सकाळी शेजारच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. पन्नाशीचा रापलेला माणूस. चपला बाहेर काढून आत आले.

"सर, तुमी माशाच्या रगताचा आभ्यास करता म्हनं."

"करतो. सकाळी काय खाल्लंत?"

"च्या. आन् अर्धी भाकर."

"किती वाजता?"

चेअरमन माझ्याकडं वळले. "हे कावून इचारतेत?"

"सांगून टाका," मी म्हणालो. "त्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही."

त्यांची अडचण साधी होती. गावचा तलाव तळाला गेला होता. येत्या पावसाळ्यात बीज, म्हणजे विकायची पिल्लं, काढायला जपलेले मोठे रोहू त्यांनी एका सभासदाच्या शेततळ्यात हलवले होते. पेंड आणखी तीन आठवडे पुरेल एवढीच होती, कारण बाकीची सगळी चारा छावणीला जात होती. "जनावराला पुरंना. आमी माशाला टाकली तर गाव दगडं मारंल," चेअरमन म्हणाले. पेंड संपल्यावर पुन्हा तीन आठवड्यांनी ते शेततळंही आटणार आणि मासे टेम्पोत घालून लांबच्या मोठ्या विहिरीत न्यावे लागणार.

"ते मधले तीन हप्ते न खाता राह्यले, तर टेम्पोचा दणका सोसत्याल का? येवढंच सांगा. न्हाई म्हनला तर घरटी मूठमूठ कोंडा गोळा करू. पर लोकांच्या ताटातलं उगं काढाया नगं."

"आणि मेले तर?" सरांनी विचारलं.

"बीज हाती लागलं तर औंदा आमच्या घरात कोयता न्हाई," चेअरमन म्हणाले. "मेले तर कोयता हायच. दिवाळी झाली की बायका-पोरं घिऊन ऊस तोडाया."

इतक्या वर्षांत सरांना त्यांच्या विषयातला प्रश्न कोणी विचारला नव्हता. लोक हसायचे, नाहीतर टाळायचे. त्या दिवशी आनंदानं त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडं बघवेना. चेअरमनच्या अर्ध्या भाकरीची वेळ लिहून घ्यायलाही ते विसरले. "अंदाजानं सांगणार नाही," ते म्हणाले. "एक दिवस उपाशी ठेवून मासा नेतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तीन आठवड्यांचं मोजून सांगतो. तुमची पेंड संपता संपता."

दुसऱ्याच दिवशी दोन सिमेंटच्या टाक्या तयार झाल्या. एक भरली टाकी, एक उपाशी टाकी. नावं त्यांनीच खडूनं लिहिली. भरल्या टाकीत रोज वजन करून पेंड. उपाशी टाकीत एकवीस दिवस काही नाही. एक लांब वही, तिच्यात रोज वेळ, पाण्याची उष्णता, शेरा आणि माझी सही.

नियमांचा मात्र पाऊस. टाकीपाशी सतत कोणीतरी हवं, कारण शिपाईमामांचं मांजर यायचं आणि पाण्यात हवा सोडणारा पंप मधूनच बंद पडायचा. ते 'कोणीतरी' म्हणजे मी. आणि उपाशी माशांसमोर डबा उघडायचा नाही, हाही नियम.

"मग मी जेवायचं कुठं, सर?"

सरांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "अहो, त्याचा विचार मी केलेला नाही."

आणि वर्गावर निघून गेले. ही त्यांची पद्धत. माशाच्या पोटात काय आहे ते तासाच्या हिशोबानं माहीत, शेजारी उभ्या माणसाच्या पोटाचं फक्त लिहून घ्यायचं.

मी तिथंच जेवलो. खिडकीजवळ, उपाशी टाकीच्या कडेला. आमच्या घरी जेवायला बसलं की भाकरीचा पहिला तुकडा मोडून बाजूला काढतात, गाईला नाहीतर दारातल्या कुत्र्याला. आईनं लहानपणी ही सवय इतकी लावली होती की तो तुकडा काढल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पहिल्या दिवशीही हातानं आपसूक तुकडा मोडला आणि टाकीच्या कठड्यावर ठेवला. तिथं गाय नव्हती, कुत्रा नव्हता. पाण्यातून चार-पाच तोंडं वर आली, उघडी-मिटी करत. मी तुकडा आत ढकलला. एका तुकड्यानं काय होतंय, असं वाटलं. मग वही उघडून लिहिलं, 'उपाशी'. आणि सही.

दया आली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. पहिल्या दिवशी सवय होती हे खरं. दुसऱ्या दिवशीपासून त्यात राग होता. या खोलीत एक तरी गोष्ट या माणसाच्या वहीत न बसणारी असावी, असं मला वाटायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या चपलांचा आवाज आला की मासे खिडकीच्या बाजूला गोळा व्हायला लागले. मग मी अर्धी भाकरी चुरून टाकू लागलो. बायकोला म्हणालो, "हल्ली भूक लागते, एक भाकरी जास्त घाल."

एकविसाव्या दिवशी सरांनी दोन्ही टाक्यांतल्या माशांचं रक्त काढलं. रक्त यंत्रात फिरवून वरचं पाणी वेगळं केलं की उपाशी माशाचं ते स्वच्छ दिसतं आणि जेवलेल्याचं पेजेसारखं गढूळ. सरांनी उपाशी टाकीतली नळी खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"अहो, हे इतकं गढूळ कसं?"

मी नळ्या धूत होतो. धूतच राहिलो.

त्यांनी रसायनं बदलली. यंत्राची काच पुसली. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा मोजलं. साखर भरल्या टाकीच्या जवळपास, प्रथिनं तशीच. तिसऱ्यांदा मोजायला त्यांनी शेजारच्या रसायनशास्त्राच्या मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "सर, कोणी खायला तर घालत नसेल ना यांना?"

"शक्य नाही," सर म्हणाले आणि माझ्याकडं बोट केलं. "नोंद यांची आहे. माझा हात चुकेल, यांची नोंद चुकणार नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. दार उघडं होतं, दोन माणसं समोर होती, एका वाक्याचं काम होतं. पण मी अजून हंगामी होतो, आणि मॅडम बघत होत्या, आणि उद्या एकट्या सरांना सांगू असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी चेअरमन आले.

"सोसतील," सरांनी त्यांना सांगितलं. "मला अपेक्षा नव्हती, पण आकडा तसा आला आहे. तीन आठवड्यांत रक्त उतरत नाही."

"म्हंजी कोंडा नगं?"

"नको."

चेअरमननी सरांचे दोन्ही हात धरले. मी टाकीतलं पाणी बदलत होतो.

तीन आठवड्यांनी ते परत आले. सोबत सोसायटीचे तिघं-चौघं होते. एकाच्या खांद्यावर गोणपाट. ते त्यानं सरांच्या टेबलावर उलगडलं. आत एक मोठा रोहू होता, डोक्याच्या मानानं अंग बारीक झालेला, डोळे पांढरे. टेम्पोत घालेपर्यंत जिवंत होते, विहिरीत सोडले तेव्हा बहुतेक उलटे होऊन वर आले, असं चेअरमननी सांगितलं. आवाज चढवला नाही.

सर त्या माशाकडं बघत राहिले आणि सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "शेवटचं कधी खाल्लं होतं?"

"काय मानूस हाय बे ह्यो," गोणपाटवाला म्हणाला.

"तुमीच म्हनलेते ना, न्हाई खाल्लं तरी चालतंय," चेअरमन म्हणाले. "आमच्या बायकांनी कोंडा काडून ठिवलता, सर. तुमी नगं म्हनला म्हनून म्हशीला घातला."

सर उठून उभे राहिले. म्हणाले, "आकडा माझा होता. चूक माझी आहे." सोसायटीचं पुस्तक मागवून त्यात त्यांनी हे लिहूनही दिलं, खाली तारीख आणि सही. मी पाच हातांवर उभा होतो. माझ्या डब्यात त्या दिवशीही एक भाकरी जास्त होती, बायको अजून तशीच देत होती.

दिवाळीनंतर चेअरमनच्या घरातली माणसं ऊसतोडीला गेली. गावातली आणखीही काही घरं गेली. त्यांचा ट्रॅक्टर कॉलेजच्या समोरून जाताना मी पाहिला, वर बायका, भांडी, कोंबड्या. सर त्या वेळी वर्गावर होते.

पुढच्या वर्षी मी कायम झालो. सरांनी प्राचार्यांकडं शिफारस केली होती, त्यात लिहिलं होतं, 'नोंदी अत्यंत चोख.'

टाक्या कोरड्या करून त्यांनी झाकून टाकल्या. निवृत्तीला दोन-तीन वर्षं होती, तेवढा काळ पुस्तकातलं शिकवलं. आणि तो प्रश्न थांबला. सकाळी आत आले की 'नमस्कार' म्हणायचे. ज्या प्रश्नानं मला जेरीस आणलं होतं, तो ऐकायला मी दारात उभा राहायचो. मुद्दाम सांगायचो, "सर, आज काही खाल्लं नाही." ते म्हणायचे, "बरं." बस.

यानंतर किती वर्षं गेली ते सांगायला लाज वाटते. माझे केस पांढरे झाले. या वर्षी डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. रक्त तपासणीच्या दुकानात एका मुलीनं माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि मान वर न करता विचारलं, "काय खाल्लं? किती वाजता?"

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "काका, चक्कर येतेय का?"

सर लेकीकडं गेवराईला राहतात हे माहीत होतं. त्याच रविवारी गेलो. हायवेच्या कडेला घर, वाळूचे ट्रक गेले की खिडकीच्या काचा वाजतात. सर खूप वाळले होते, पण ताठ बसले होते. चहा यायच्या आत मी सांगून टाकलं. भाकरी, वही, एकवीस सह्या, मॅडमनी विचारलं तेव्हाचं माझं गप्प राहणं. आणि म्हणालो, "सर, मला माफ करा."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "ज्वारीची की बाजरीची?"

"काय?"

"भाकरी, अहो."

"ज्वारीची."

"किती? रोज एकाच वेळी? रक्त काढलं त्या दिवशीही घातली?"

मी माफी मागत होतो आणि हा माणूस मला भाकरीचं वजन विचारत होता. आत जाऊन त्यांनी ट्रंकेतून ती लांब वही काढून आणली. मला चष्मा लावायला लावला, प्रत्येक 'उपाशी' वर रेघ मारायला लावली, शेजारी खरं काय ते लिहायला लावलं आणि खाली पुन्हा सही. एकवीस वेळा. चहा गार झाला. लेक दारातून बघून गेली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे यंत्र बरोबर होतं," ते म्हणाले. "माझा हातही बरोबर होता."

"सर, मी माफी मागायला आलोय."

"मला कशाला? मला आकडा मिळाला. मासे त्यांचे गेले." त्यांनी वही मिटली. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. मी येतो."

मी म्हणालो, तब्येत, प्रवास, ऊन. ते ऐकत नाहीत हे मी विसरलो होतो.

तलावात यंदा बऱ्यापैकी पाणी आहे. बांधावरच्या शेडमध्ये पाच-सहा जण जाळी दुरुस्त करत बसले होते. चेअरमन आता नुसते सभासद आहेत, पण लोक अजून त्यांना चेअरमनच म्हणतात. त्यांनी सरांना ओळखलं. उठले नाहीत.

"सर, आता कंचा आकडा आनला?"

"आकडा यांच्याकडं आहे," सर म्हणाले आणि पोत्यावर बसले. धाप लागली होती. मग माझ्याकडं वळून, कितीतरी वर्षांनी, त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही, सर."

"मग बोला."

जाळ्यावरचे हात थांबले. मी चपला काढल्या. उभ्यानंच बोललो.

"चेअरमन, तुमचे मासे सरांच्या चुकीनं गेले नाहीत. उपाशी टाकीत मी रोज भाकरी टाकत होतो आणि वहीत उपाशी लिहीत होतो. सरांना माहीत नव्हतं. तुम्ही मेलेला मासा घेऊन आलात तेव्हा मी तिथं होतो, तरी बोललो नाही. तुम्ही कोंडा म्हशीला घातला तो माझ्यामुळं. त्या दिवाळीला तुमच्या घरानं कोयता उचलला तोही माझ्यामुळं. सरांनी तुमच्या पुस्तकात लिहिलंय ते खोडा आणि तिथं माझं नाव घाला. मला माफ करा."